जुनें यंत्र आणि नवा कारभारी

तेरणेच्या कांठीं वसलेलें तेर हें गांव आज धाराशिव जिल्ह्यांतील एक साधें खेडें म्हणून ओळखलें जातें. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला तें तगर या नांवानें परिचित आहे. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या पेठेचा उल्लेख आहे, आणि येथलें कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात असे, असें त्यांत म्हटलें आहे. तें तगर म्हणजेच हें तेर, असें डॉ. फ्लीट यांनीं १९०१ सालीं प्रतिपादिलें. पाठोपाठ हेन्री कझिन्स यांनीं पुराणवस्तु खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालांत येथील अवशेषांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत सर्वांत लक्षणीय वास्तु आहे ती त्रिविक्रमाच्या देवळाची. मागील बाजू अर्धवर्तुळाकार, वर हत्तीच्या पाठीसारखें विटांचें छत, अशी ही घडण मुळांत बौद्ध चैत्यगृहाची आहे, असें कझिन्स यांचें मत. पुढें त्या चैत्यांत त्रिविक्रमाची मूर्ति आली, समोर सपाट छपराचा मंडप चढला, आणि विटांचें तें जुनें घर नव्या देवतेच्या सेवेंत उभें राहिलें. याच गांवच्या उत्खननांत विटांच्या एका मोठ्या स्तूपाचेही अवशेष सांपडले. परंतु तो कधींच भुईस मिळाला होता. गांव एक, माती एक, विटाही त्याच. तरी एक वास्तु उभी आहे आणि दुसरी नाहीं. हा भेद केवळ विटांच्या कसाचा नसावा. जिला नवा रहिवासी मिळाला, ती टिकली.

हें उदाहरण येथें घेण्याचें कारण असें कीं, हाच प्रश्न आज आपल्यांतील पुष्कळ घरांत एका निराळ्या वस्तूविषयीं उभा राहिला आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीं मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणासाठीं पोटाला चिमटा घेऊन विकत आणलेला लॅपटॉप कपाटाच्या तळाशीं पडून असतो. त्याचा पडदा शाबूत असतो, कळाही बहुतेक चालतात. परंतु सुरू करावयास घ्यावा तर चहा होऊन थंड होईपर्यंत तो जागा होत नाहीं, आणि जागा झाला तरी यापुढें आपल्याला संरक्षण मिळणार नाहीं अशी तंबी पडद्यावर झळकवितो. अशा यंत्राला मोडींत काढावें, कीं त्याच्यांत दुसरी कार्यप्रणाली, म्हणजे ज्याला सर्वजण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, बसवावी? वरवर पाहतां हा प्रश्न दुकानदाराचा वाटतो. परंतु मुळाशीं गेलें तर वस्तूवर खरी सत्ता कोणाची, हा जुनाच प्रश्न तेथें आढळतो. आणि म्हणून त्याचा इतिहास थोडक्यांत पाहणें अवश्य आहे.

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. धन्याची आज्ञा घ्यावी, ती प्रोसेसरला, स्मृतीला, तबकडीला व पडद्याला समजेल अशा रीतीनें पोंचवावी, कोणत्या कामाला किती वेळ व किती जागा द्यावयाची तें ठरवावें, आणि एकाचें काम दुसऱ्याच्या आड येऊं देऊं नये, हें त्याचें कर्तव्य. आरंभीच्या संगणकांना असा कारभारी नसे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत भारतीय शास्त्रज्ञांनीं बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० सालीं कामास लागला. त्या पिढीच्या यंत्रांपुढें बसणाऱ्याला यंत्राची भाषा स्वतःच बोलावी लागे. यंत्रें महाग आणि त्यांचा वेळ त्याहून महाग. तेव्हां अनेकांचीं कामें ओळीनें लावून देणारा कोणी तरी हवा, या गरजेंतून कार्यप्रणालीचा जन्म झाला. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनीं ‘युनिक्स’ रचण्यास प्रारंभ केला. १९७३ सालीं ती ‘सी’ या भाषेंत पुन्हां लिहिली गेली, आणि त्यामुळें एक विलक्षण गोष्ट शक्य झाली. कारभारी एकाच यंत्राचा बांधील राहिला नाहीं. थोड्या फेरफारानें तो दुसऱ्या दरबारीं रुजूं होऊं लागला.

१९८१ सालीं आयबीएम कंपनीनें आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारांत आणला, तेव्हां त्याची कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टनें पुरविली. येथून पुढची कथा मराठी वाचकाला अनोळखी वाटूं नये. छत्रपतींचा कारभार पाहतां पाहतां पेशवे बलवान् झाले, आणि १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर गादी साताऱ्यास व सत्ता पुण्यास अशी स्थिति झाली. तसाच कांहींसा प्रकार येथें घडला. यंत्र विकत घेणारा नांवाचा धनी राहिला. तें किती वर्षें कामाचें समजावयाचें, याचा निर्णय कारभाऱ्याच्या कचेरींत होऊं लागला. २००१ सालच्या विंडोज एक्सपीची निगराणी ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबली. २००९ च्या विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजीं. आणि २०१५ च्या विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं. त्यानंतर कांहीं काळ वाढीव संरक्षण घेण्याची सोय कंपनीनें ठेविली, परंतु ती मुदतीचीच. २०२१ सालीं आलेली विंडोज ११ तर टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय, निदान ४ जीबी स्मृति आणि कंपनीच्या मान्य यादींतील प्रोसेसर असल्यावांचून अधिकृतपणें बसत नाहीं. आणि २०१७ पूर्वींचे बहुतेक प्रोसेसर त्या यादींत नाहींत. न्यायानें बोलावयाचें तर या बंधनांत निव्वळ लबाडी आहे असें म्हणतां येणार नाहीं. चोरटे नवनवीन वाटा शोधीत असतात, आणि जुन्या रचनेवर जन्मभर पहारा देत बसणें कोणालाही परवडणारें नाहीं. तथापि परिणाम व्हावयाचा तो होतोच. कालपर्यंत निरोगी असलेलें यंत्र एका ठरल्या तारखेला म्हातारें ठरतें, आणि त्या बाबतींत धन्याचें मत कोणी विचारीत नाहीं.

याच्या शेजारून एक दुसरा प्रवाह वाहत आला आहे. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली. त्यांचा आग्रह असा कीं, ज्याच्या हातीं आज्ञावली आहे त्याला ती चालविण्याचा, उघडून वाचण्याचा, बदलण्याचा व दुसऱ्यास देण्याचा अधिकार असावा. १९९१ च्या ऑगस्टमध्यें हेलसिंकी येथील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें आपल्या ३८६ जातीच्या संगणकावर रचीत असलेल्या कार्यप्रणालीची वार्ता जाहीर केली. तिचा गाभा आणि ग्नूची सामग्री यांच्या संयोगांतून आज आपण जिला लिनक्स म्हणतों ती प्रणाली उभी राहिली. १९९३ सालीं इयान मरडॉक यांनीं आरंभिलेली ‘डेबियन’, २००४ ची ‘उबुंटू’, २००६ ची ‘लिनक्स मिंट’ हीं सर्व त्याच कुळांतील घराणीं. भारत सरकारच्या सी-डॅक या संस्थेनें २००७ सालीं डेबियनच्याच पायावर ‘बॉस’ नांवाची प्रणाली काढली व तींत भारतीय भाषांची सोय केली. त्याच वर्षीं रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यांतील खैरात येथील लहानशा शाळेंत ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या योजनेचीं हिरवीं-पांढरीं यंत्रें आलीं. २५६ एमबी स्मृति आणि १ जीबी सांठा, एवढ्याच भांडवलावर तीं चालत. कारण लिनक्सवर उभारलेला ‘शुगर’ हा त्यांचा कारभारी अंथरूण पाहून पाय पसरणारा होता.

परंतु या मुक्त प्रवाहाविषयींही भाबडेपणा नको. ज्या ३८६ यंत्रावर लिनक्सचा जन्म झाला, त्याच ३८६ चा आधार २०१३ सालीं निघालेल्या आवृत्तींतून काढून टाकण्यांत आला. ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ पासून ३२ बिटांच्या जुन्या संगणकांवर ती नव्यानें बसविण्याची नेहमींची सोयही उरली नाहीं. काळ येथेंही थांबत नाहीं. भेद आहे तो इतकाच कीं, येथें एक दार बंद झालें तरी किल्ली कोणा एकाच्याच कमरेला नसते. अंगीं कसब असेल त्याला तें दार पुन्हां उघडतां येतें, आणि नसेल त्याला शेजारच्या घराण्याकडे जातां येतें.

मराठी माणसाला यंत्राइतकीच, किंबहुना अधिक, चिंता वाहावी लागते ती अक्षरांची. १९९१ हें वर्ष या बाबतींतही स्मरणीय आहे. त्या वर्षीं ‘इस्की’ ही भारतीय लिपींची संकेतपद्धति भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षीं युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीला जागा मिळाली. परंतु कागदावरचा नियम घरांत उतरण्यास वेळ लागतो. विंडोजमध्यें देवनागरीची अंगभूत सोय २००० सालच्या आवृत्तीपासून झाली. लिनक्सच्या बाजूस पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीनें घडविलेले ‘लोहित’ टंक रेड हॅटनें २००४ सालीं मुक्त परवान्याखालीं आणले. मधल्या काळांत, आणि त्यानंतरही कित्येक वर्षें, छापखान्यांनीं व लेखकांनीं मराठी लिहिली ती निराळ्याच युक्तीनें. रोमन अक्षरांच्या संकेतांवर मराठी अक्षरांचे आकार बसविलेले टंक ते वापरीत. तो टंक जवळ असेतोंपर्यंत मजकूर मराठी दिसे. टंक काढून घेतला कीं त्याच ओळीचा रोमन अक्षरांनीं व खुणांनीं भरलेला चिवडा होई.

असा प्रसंग महाराष्ट्रावर प्रथमच आला आहे असें नाहीं. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि पेशवे दप्तर इंग्रजांच्या ताब्यांत गेलें. कागद वांचले; पण ज्या मोडींत ते लिहिले होते ती लिपि विसाव्या शतकांत शाळांतून गेली, आणि आज लक्षावधि कागद जपून ठेविलेले असूनही ते वाचणारे मोजकेच उरले आहेत. राज्य बदलल्यानें दप्तराचें जें नुकसान झालें नाहीं, तें अक्षरओळख सुटल्यानें झालें. संगणकाचा कारभारी बदलूं पाहणाऱ्यानें हा धडा विसरूं नये.

हें विवेचन पुस्तकी वाटूं नये म्हणून तेर येथीलच एक उदाहरण देतों. आमचे एक चुलतबंधु तेथें प्राथमिक शिक्षक होते. आम्ही त्यांना दादा म्हणतों. निवृत्तीपूर्वींपासूनच त्यांनीं भोंवतालच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या, शेतांचीं व बांधांचीं नांवें, म्हाताऱ्या कुंभारांच्या व साळ्यांच्या तोंडचे शब्द गोळा केले, आणि मुलासाठीं २०१२ सालीं घेतलेल्या लॅपटॉपवर तें सर्व लिहून ठेविलें. ज्यांच्या तोंडून ओव्या घेतल्या त्यांपैकीं पुष्कळजणी आतां हयात नाहींत, आणि त्या टिपणांची दुसरी प्रत नव्हती. यंत्र ४ जीबी स्मृतीचें, फिरत्या तबकडीचें; विंडोज ७ वर आयुष्य सुरू करून पुढें विंडोज १० वर आलेलें. जिल्ह्याच्या ठिकाणीं एका दुरुस्तीच्या दुकानांत दादांना सांगण्यांत आलें, “गुरुजी, हें आतां टाका आणि नवें घ्या. यांतलें सगळें पुसल्याशिवाय कांहीं व्हायचें नाहीं.” दादांनीं यंत्र काखोटीस मारलें आणि ते घरीं परत आले. गेल्या दिवाळींत त्यांचा मुलगा पुण्याहून आला होता व आम्हीही तेथें होतों. तेव्हां या गोष्टीचा निकाल लावावयाचें ठरलें.

तेर हें गोरोबाकाकांचें गांव. संतमंडळी जमली असतां गोरोबांनीं थापटणें घेऊन एकेकाच्या मस्तकावर हाणलें आणि कच्चें मडकें कोणतें व पक्कें कोणतें तें सांगितलें, ही आख्यायिका महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? जुन्या यंत्राच्या बाबतींतही पहिलें काम हेंच. प्रोसेसर ३२ बिटांचा कीं ६४ चा, स्मृति किती व ती वाढवितां येते काय, तबकडी दगा देण्याच्या बेतांत आहे काय, बॅटरी फुगली आहे काय, हें थापटून पाहिल्यावांचून निवडीची गोष्ट बोलूं नये. या परीक्षेंत असें निघालें कीं, प्रोसेसर ६४ बिटांचा व धडधाकट आहे. मंदपणाचें मूळ तबकडींत आहे. तेव्हां प्रथम सर्व टिपणांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं काढून घेतल्या, आणि मगच तबकडीच्या जागीं एसएसडी घालून स्मृतीची ४ जीबीची आणखी एक पट्टी बसविली. हा क्रम कोणीही उलटा करूं नये.

मग प्रश्न आला निवडीचा. विंडोज १० तशीच ठेवावी, तर पहारा उठलेला. विंडोज ११ आडवाटेनें आंत घ्यावी, तर कंपनीची मान्यता नाहीं, आणि पुढें ती केव्हां पाठ फिरवील याचा भरंवसा नाहीं. ज्या प्रणालींचा सारा जीव इंटरनेटमध्यें असतो, त्या खेड्यांत, जेथें जोडणी केव्हां तुटेल याचा नेम नसतो, फारशा उपयोगी नाहींत. राहिलें लिनक्स; पण त्यांतही घराण्यांची गर्दी पाहून नवखा माणूस गोंधळून जातो. आम्हीं तीन कसोट्या लावल्या. प्रणालीला किती वर्षें पाठबळ मिळेल हें आधींच जाहीर असावें. थोड्या स्मृतींत तिनें सुखानें राहावें. आणि तींत मराठी नीट दिसावी व नीट लिहितां यावी. या तिन्हींस उतरली ती डेबियन १३, ‘एक्सएफसीई’ या हलक्या पेहरावांत. तिची निगराणी एकूण पांच वर्षें चालावयाची आहे.

प्रणालीची फाइल उतरवून घेतल्यावर दादांच्या मुलानें एक लांबलचक अंक काढून तो प्रसिद्ध केलेल्या अंकाशीं अक्षरशः ताडून पाहिला. शिवकालीन व पेशवेकालीन पत्रांच्या अखेरीस मोर्तबाचा शिक्का असे, तो एवढ्यासाठीं कीं मागाहून कोणीं मजकुरांत भर घालूं नये. हा अंकही त्याच जातीचें मोर्तब आहे. मग ती प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन, यंत्राच्या आंतील सांठ्याला हात न लावतां, बाहेरूनच चालवून पाहिली. वाय-फाय लागला, आवाज आला, झांकण मिटून उघडल्यावर यंत्र पुन्हां जागें झालें. दादांनीं इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘दऱ्याखोऱ्या’ हा शब्द लिहून पाहिला. मराठीच्या दृष्टीनें ही परीक्षा उत्तम. कारण हा आडवा रकार पुष्कळ ठिकाणीं घसरतो. तो नीट उमटला, तेव्हां होकार मिळाला. बसवितांना जागेचे दोन भाग केले, एक कारभाऱ्याचा आणि एक दप्तराचा. उद्यां पुन्हां कारभारी बदलण्याची वेळ आली तर दप्तराच्या खोलीला धक्का लागूं नये, हा हेतु. प्रत्यक्ष बसविण्याचें काम तासाभरांत उरकलें.

खरा वेळ लागला तो पुढें. अर्ध्याहून अधिक टिपणें जुन्या टंकांत होतीं. परिवर्तकानें तीं युनिकोडमध्यें आणलीं, पण जोडाक्षरें फुटलीं, रफार आपली जागा सोडून गेले, ‘सर्व’ चें ‘सवर्’ झालें. पुस्तकी भाषा असती तर शब्दकोशाच्या आधारें ती सुधारतां आली असती. येथें शब्द होते बोलीचे. त्यांचें खरें रूप कोणतें, हें दादांच्या कानालाच ठाऊक. म्हणून ते आतां रोज सकाळीं दोन-चार पानें मोठ्यानें वाचतात आणि एकेक अक्षर जागेवर बसवितात. यंत्र तरुण झालें याचें त्यांना फारसें कौतुक नाहीं. हें काम करावयास आपण अजून आहोंत, याचें समाधान मात्र त्यांच्या बोलण्यांत दिसतें.

आतां या मार्गाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हिशेबाच्या किंवा आरेखनाच्या कांहीं आज्ञावली केवळ विंडोजसाठींच बनतात. ज्याची उपजीविका त्यांवर आहे त्यानें हा प्रयोग आपल्या मुख्य यंत्रावर करूं नये. एखादा जुना प्रिंटर रुसून बसतो, एखादें वाय-फायचें उपकरण ओळख देत नाहीं. ज्याची स्मृति २ जीबीहून कमी आहे व वाढवितां येत नाहीं, त्या यंत्रावर आजचीं जड संकेतस्थळें कोणत्याही कारभाऱ्याच्या हातून सुखानें चालणार नाहींत. आणि घरांत अडचणीच्या वेळीं विचारावें असें कोणी नसेल तर पहिले काहीं दिवस जड जातात. तेव्हां प्रत्येक जुनें यंत्र वांचवावेंच असा आमचा आग्रह नाहीं. थापटणें मारल्यावर मडकें फुटकेंच निघालें तर तें टाकावें. मात्र न थापटतां टाकूं नये. एका लॅपटॉपच्या घडणींत तांबें, ॲल्युमिनियम, सोनें, दुर्मिळ धातु आणि पुष्कळ ऊर्जा खर्ची पडलेली असते. केवळ पंचांगांतील एक तारीख उलटली म्हणून ती सर्व उकिरड्यावर लोटणें हें आपल्या मध्यम स्थितींतील गृहस्थधर्माला शोभणारें नाहीं.

परंतु पैशांची काटकसर हा या प्रश्नाचा धाकटा भाग आहे. थोरला भाग असा कीं, आपल्या पिढीचें लेखन, फोटो, पत्रव्यवहार, हिशेब आणि आठवणी आतां या यंत्रांच्या पोटांत आहेत, आणि त्यांचा कारभार आपण परक्यांवर सोंपविला आहे. कारभारी ठेवणें यांत कांहीं गैर नाहीं. त्यावांचून चालणारही नाहीं. धन्यानें दोन गोष्टी मात्र आपल्या हातीं ठेवाव्यात: कारभारी बदलण्याचा अधिकार, आणि दप्तर वाचण्याची अक्षरओळख. पहिली ज्याच्यापाशीं आहे त्याचें यंत्र कोणाच्या सांगण्यावरून म्हातारें होणार नाहीं. दुसरी ज्यानें राखली त्याचे शब्द, यंत्र मोडल्यावरही, त्याच्या नातवंडांना वाचतां येतील. म्हणून ज्यांच्या घरीं जुन्या टंकांतील मराठी लेखन पडून आहे, त्यांनीं लॅपटॉप नवा घ्यावयाचा कीं जुना राखावयाचा हा निर्णय हवा तर पुढें ढकलावा. तें लेखन युनिकोडमध्यें आणण्याचें काम मात्र, तें वाचून दुरुस्त करूं शकणारें माणूस घरांत आहे तोंवरच, हातीं घ्यावें.